वाफशाच्या पलीकडे : वाईन द्राक्षांच्या पाणी-प्रकल्पातील नोंदी

९ सप्टेंबर

आज प्लॉट पक्का झाला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात आल्यावर कालव्याच्या खालच्या अंगाला दोन एकर शिराझ, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षांची एक जात, आहे. वेली ११०-आर खुंटावर कलम केलेल्या असून अंतर आठ बाय पाच फूट आहे, म्हणजे एकरी साधारण १,०८९ वेली बसतात. जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. बागेचे मालक पन्नाशी ओलांडलेले आहेत. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात आणि पहिल्या दिवसापासून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी वीस वर्षे खाण्याची द्राक्षे केली आणि वाईनच्या जाती मागाहून लावल्या. ही बाब मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे अडचण येईल तर इथेच येईल असे मला वाटते.

पाणी विहिरीचे, आणि विहीर कालव्याच्या पाझरावर अवलंबून आहे. खडकवासल्याचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू झाले की तिची पातळी चढते आणि बंद झाले की उतरू लागते. याच साखळीतील खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर पुणे शहराची तहान भागते. त्यामुळे माझ्या कोथरूडच्या घरातील नळ आणि नानांची विहीर एकाच हिशोबातले आहेत. टंचाईच्या वर्षी आवर्तन लांबते तेव्हा कोणाचे पाणी कमी होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

प्रकल्पाचा उद्देश मर्यादित आहे. जमिनीतील ओलावा मोजणारे स्वस्त संवेदक, त्यांचे वाचन घरापर्यंत पोहोचवणारा रेडिओ आणि ठिबकाचा झडप-नियंत्रक असा संच एका हंगामात वापरून पाहायचा, आणि वाईन द्राक्षांना मोजूनमापून कमी पाणी देता येते का, ते तपासायचे.

१७ सप्टेंबर

संवेदक पुरण्याआधी ठिबक तपासायचे असे मी ठरवले होते, आणि सहकाऱ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटत होता. आज तो वाद मिटला.

पद्धत जुनी आहे. चार लॅटरल (ओळीतून जाणाऱ्या ठिबकाच्या नळ्या) निवडायच्या आणि प्रत्येकीवर सुरुवातीला, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि शेवटी असे चार ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडे) घेऊन प्रत्येकाखाली बरोबर एक मिनिट कप धरायचा. तासाला चार लिटरच्या ड्रिपरमधून मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पाणी पडायला हवे. सबमेनजवळच्या, म्हणजे लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या जाड नळीजवळच्या, ड्रिपरमधून ७० मिलिलिटर पडले, तर शेपटाकडच्या काहींतून ३८. सोळा कपांची सरासरी ५५ आली. सर्वांत कमी भरलेल्या चार कपांची सरासरी ३८ होती, म्हणजे वितरणाची समानता ६९ टक्के भरली.

याचा अर्थ नानांना कागदावर मांडून दाखवला. वेलीला दोन ड्रिपर आहेत. शेपटाकडच्या वेलीला दहा लिटर मिळावेत म्हणून पंप दोन तास बारा मिनिटे चालवावा लागतो आणि तेवढ्या वेळात सुरुवातीच्या वेलीला अठरा लिटरांहून अधिक पाणी जाते. कोणताही शेतकरी सुकलेली वेल पाहूनच पाणी देतो, म्हणजे सगळ्या बागेचे पाणी सर्वांत उपाशी वेलीच्या हिशोबाने सुटते. नाना कागद पाहून इतकेच म्हणाले, “म्हणजे मी शेवटच्या ओळीसाठी पहिल्या ओळीला बुडवत होतो की.”

ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा कडक थर आहे. बोअरचे पाणी विहिरीत सोडून वापरले जाते आणि त्यातील क्षार बसतात, हे उघड आहे.

२४ सप्टेंबर

लॅटरलला ॲसिड दिले. ॲसिड पाण्यात घातले, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. हे मजुरांना दोनदा सांगितले आणि करूनही दाखवले. रात्रभर नळ्यांत ठेवून सकाळी एकेका लॅटरलचे टोक उघडून फ्लशिंग केले, म्हणजे जोरात पाणी सोडून आतला गाळ काढला. आधी दुधासारखे पाणी आले, मग पिवळट, मग स्वच्छ. शेवाळासाठी क्लोरीन द्यायचे झाल्यास ते वेगळ्या दिवशी द्यावे लागेल, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. नानांच्या गोदामात ब्लीचिंग पावडरची पिशवी आणि ॲसिडचा कॅन शेजारी ठेवलेले होते. ते आधी वेगळे केले.

पुन्हा सोळा कप धरले. सरासरी ६४, कमी भरलेल्या चारांची ५८, म्हणजे समानता ९० टक्क्यांच्या वर गेली. एक रुपयाचेही इलेक्ट्रॉनिक्स अजून शेतात गेलेले नाही, याची नोंद असावी.

४ ऑक्टोबर

काल गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली आणि आज डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर रसायनाचे पेस्टिंग चालू आहे. आम्ही तीन ठिकाणी ३० आणि ६० सेंटिमीटर खोलीवर संवेदक पुरले. प्रत्येक ठिकाणी दोन प्रकार आहेत : एक कॅपॅसिटिव्ह पट्टी, जी मातीतील पाण्याचे प्रमाण सांगते, आणि एक दाणेदार गाभ्याचा संवेदक, जो माती पाण्याला किती घट्ट धरून आहे ते सेंटिबार या दाबाच्या एककात सांगतो; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. पहिला शेदोनशे रुपयांत पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळतो. दुसरा महाग आहे, पण वेलीला खरोखर काय सोसावे लागते त्याच्या अधिक जवळचा आहे. हीच ओढ पाण्याने भरलेल्या नळीने मोजणारा टेन्शिओमीटर मुद्दाम घेतला नाही, कारण ८० सेंटिबारच्या आसपास त्याच्या नळीत हवा शिरते, आणि आम्हाला नेमके त्याच्या पुढचे पाहायचे आहे.

पुरताना भोवती त्याच मातीचा पातळ चिखल ओतला, जेणेकरून मधे पोकळी राहू नये.

१६ ऑक्टोबर, पुणे

कॅपॅसिटिव्ह पट्टीचे अंशांकन झाले, म्हणजे तिचे वाचन आमच्या मातीशी ताडून घेतले. तत्त्व सोपे आहे : पाण्याचा परावैद्युतांक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो ते सांगणारा आकडा) ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच आणि हवेचा एक असतो, म्हणून माती जितकी ओली तितके वाचन बदलते. मात्र काळ्या मातीतील चिकणकणांना बिलगलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही आणि क्षारांमुळेही आकडा सरकतो, त्यामुळे विक्रेत्याच्या कागदावरचे सूत्र आमच्या मातीला लागू पडत नाही. प्लॉटमधील माती सहा डब्यांत वेगवेगळ्या प्रमाणात भिजवली, वाचन घेतले, मग १०५ अंशांवर चोवीस तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन केले. सहा बिंदूंतून जी रेषा निघाली ती मूळ सूत्रापेक्षा इतकी वेगळी होती, की मूळ सूत्र वापरले असते तर चिखलालाही आम्ही ‘मध्यम ओल’ म्हटले असते.

१ नोव्हेंबर

बाष्पीभवनाचे भांडे बसवून पंधरा दिवस झाले. १२०.७ सेंटिमीटर व्यासाचे ‘अ’ वर्गाचे भांडे लाकडी चौकटीवर ठेवले आहे आणि रोज सकाळी साडेआठला किती मिलिमीटर पाणी उतरले ते नानांची सून लिहून ठेवते. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग १९३२ मध्ये सुरू झाला. शेताच्या हवेचे मोजमाप करण्याची या शहराला इतकी जुनी सवय आहे. म्हणून भांडे बसवताना मला उगीचच घरचे कार्य असल्यासारखे वाटले.

गेल्या आठवड्यात तीन दिवस बाष्पीभवन अकरा-बारा मिलिमीटर भरले. नोव्हेंबरच्या तोंडावर इतके आकडे येणे शक्य नव्हते. मी वाऱ्याला दोष दिला, एका सहकाऱ्याने भांड्याला गळती असेल असे म्हटले. ताईंनी, म्हणजे नानांच्या सुनेने, आम्हा दोघांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, “दादा, मोत्या रोज पहाटे त्यातच पाणी पितो.” भांड्यावर जाळी बसवली. जाळीमुळे बाष्पीभवन थोडे कमी भरते, त्याची दुरुस्ती हिशोबात धरावी लागेल. ते तीन दिवस वहीतून खोडलेले नाहीत, समोर ‘कुत्रा’ असा शेरा लिहिला आहे.

१८ नोव्हेंबर

बाग फुलोऱ्यात आहे. या अवस्थेत पाण्याचा ताण दिला तर घड विरळ होतात, म्हणून प्रयोग थांबवून पूर्ण पाणी चालू आहे.

रेडिओचा पल्ला अर्ध्यावर आला होता. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो आणि उघड्या रानात तो चांगला चालतो, पण छाटणीनंतरच्या उघड्या काड्यांत लावलेला अँटेना आता पानांच्या भिंतीत गडप झाला आहे आणि पान म्हणजे पाणीच. बांबू लावून तो पानांच्या छताच्या वर घेतला. एका डब्यात मुंग्यांनी अंडी घातली होती. केबल ग्लँड, म्हणजे वायर आत जाते तिथली सीलबंद चकती, नीट आवळलेली नव्हती.

८ डिसेंबर

मणी ज्वारीच्या दाण्याहून मोठा झाला आहे. आजपासून ताण सुरू.

याचे कारण प्रकल्पाच्या अर्जात आम्ही दोन ओळींत लिहिले होते, पण नानांना ते दोन तास समजावून द्यावे लागले. वाईनमधील रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान राहिला तर गराच्या मानाने साल अधिक मिळते. मणी धरल्यापासून त्यात पाणी उतरेपर्यंतच्या, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागेपर्यंतच्या, काळात पेशी वाढत असतात, आणि याच काळात पाणी कमी दिले तर मणी जो लहान राहतो तो पुढे कितीही पाणी दिले तरी फारसा भरून येत नाही. खाण्याच्या द्राक्षाचे गणित नेमके उलटे आहे : तिथे मण्याच्या मिलिमीटरवर भाव ठरतो आणि वीस वर्षे नानांचा हात त्याच दिशेने वळलेला आहे.

हिशोब असा केला. भांड्यावरून आलेले संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे त्या हवेत प्रमाण मानलेले हिरवे गवत जेवढे पाणी उडवील ते, दिवसाला चार मिलिमीटर. अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या मार्गदर्शिकेत वाईन द्राक्षांचा मधल्या अवस्थेतील पीक-गुणांक (त्या आकड्याला ज्याने गुणले की पिकाची गरज निघते तो) ०.७० आहे, तर खाण्याच्या द्राक्षांचा ०.८५. म्हणजे गरज २.८ मिलिमीटर. वेलीच्या वाट्याला चाळीस चौरस फूट, म्हणजे ३.७२ चौरस मीटर येतात, त्यामुळे वेलीची पूर्ण गरज सुमारे १०.४ लिटर. त्याच्या निम्मे द्यायचे ठरवले : ५.२ लिटर, म्हणजे दोन ड्रिपरवर ३९ मिनिटे. नानांनी आकडा ऐकून टोपी काढून पुन्हा घातली.

एका सहकाऱ्याने ओळीच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून पाणी देण्याची पद्धत सुचवली. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ती पुढे आली. एका बाजूची मुळे कोरडी राहून वेलीला ताणाचा संदेश देतात आणि दुसरी बाजू तिला पाणी पाजते, अशी तिची कल्पना आहे. पण त्यासाठी ओळीला दुसरी लॅटरल लागते, आणि फायदा पद्धतीचा की नुसत्या कमी पाण्याचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती सोडून दिली.

१५ डिसेंबर

नाना रोज सकाळी वेलीच्या बुंध्याशी खुरप्याने माती उकरतात, मुठीत दाबतात आणि नकारार्थी मान हलवतात. त्यांचा शब्द आहे वाफसा. माती ओली आहे पण हाताला चिकटत नाही, मुळाला पाणीही मिळते आणि हवाही, अशी ती अवस्था. आजवर त्यांनी बाग वाफशावर ठेवली आणि मी ती वाफशाबाहेर काढतो आहे.

गेले अकरा दिवस एक साधा प्रयोग चालू होता. संवेदकाचे वाचन दाखवण्याआधी त्यांना ‘ओली, वाफसा की कोरडी’ एवढेच विचारायचे आणि उत्तर लिहून घ्यायचे. त्यांनी ज्या ज्या सकाळी वाफसा म्हटले, त्या सकाळी ३० सेंटिमीटरवरचा संवेदक २५ ते ४० सेंटिबारच्या दरम्यान होता, एकदाही बाहेर नाही. मला हे पाहून थोडी लाजच वाटली, कारण प्रकल्पाच्या अर्जात आम्ही ‘शेतकऱ्याच्या अंदाजाऐवजी मोजमाप’ असे शब्द वापरले होते. नानांचा तो अंदाज नव्हता, मोजमापच होते. फक्त त्याची पट्टी ४० सेंटिबारला संपते आणि वाईनच्या शिराझचे काम तिच्या पुढे सुरू होते.

२१ डिसेंबर

चूक आमची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या ठिकाणची कॅपॅसिटिव्ह पट्टी १८ तारखेच्या रात्री एकदम कोरडी झाली. नियंत्रकाने ठरल्याप्रमाणे झडप उघडली. वाचन बदलले नाही, म्हणून तासाभराची कमाल मर्यादा संपेपर्यंत पाणी चालू राहिले. १९ तारखेच्या रात्री पुन्हा तेच. दहा दिवस सांभाळलेला ताण दोन रात्रींत वाहून गेला. आज उकरून पाहिले तर माती आकसून पट्टीच्या अगदी अंगाने भेग गेली होती आणि पट्टीची एक बाजू हवेत होती. तिने खोटे सांगितले नाही. ती हवेचा ओलावा मोजत होती. शेजारचा दाणेदार संवेदक या काळात बरोबर होता, पण झडपेचा निर्णय आम्ही एकाच, आणि तोही स्वस्त, संवेदकावर सोपवला होता.

पट्टी भेगेपासून दूर पुन्हा पुरली आणि ओळीत उसाच्या पाचटाचे आच्छादन केले, ज्याने भेगाही कमी पडतील आणि वरची ओलही टिकेल. झडप आता आपोआप उघडत नाही. संच सकाळी सहा वाजता नानांच्या फोनवर मिनिटे कळवतो आणि कळ नाना दाबतात.

२७ डिसेंबर

एका संस्थेकडून दोन दिवसांसाठी प्रेशर चेंबर मिळाला. वेलीलाच विचारण्याचे हे यंत्र आहे, आणि शोलँडर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून त्याचे तत्त्व बदललेले नाही. पान तासभर चंदेरी फॉइलच्या पिशवीत झाकून ठेवायचे, म्हणजे त्याचा आणि खोडाचा ताण एक होतो. मग दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान ते देठासह कापायचे, पान चेंबरच्या आत आणि देठाचे टोक बाहेर असे बसवायचे, नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवायचा आणि भिंगातून देठाच्या कापाकडे पाहत राहायचे. ज्या दाबाला तिथे पाण्याचा थेंब चमकतो, तेवढ्याच जोराने वेल पाणी ओढत होती.

भिंग नानांच्या हातात दिले. सात बार, काही नाही. आठ, काही नाही. साडेदहाला ते म्हणाले, “आलं… आलं पाणी,” आणि आवाज नकळत खाली आला. सहा वेलींचे आकडे उणे दहा ते उणे साडेअकरा बारच्या दरम्यान आले (ही ओढ आहे, म्हणून आकडा उणे लिहितात). उणे आठ ते दहा हा सौम्य ताण मानतात, उणे चौदाच्या खाली गेले की तो कडक. म्हणजे आम्ही जिथे हवे तिथे आहोत. शिराझ मात्र सावध करणारी जात आहे : ताणातही ती पानांची रंध्रे लवकर मिटत नाही, त्यामुळे आकडा एकदा घसरू लागला की भराभर घसरतो. त्या दुपारी ६० सेंटिमीटरवरचा संवेदक ९० च्या जवळ होता. १३० ही आमची लक्ष्मणरेषा ठरवली, ती ओलांडली की पाणी वाढवायचे.

संध्याकाळी नानांनी स्वतःहून विचारले की वाफसा संपल्यावर वेलीला आणखी किती दिवस पाणी मिळत राहते. मी काळ्या मातीत पाणी कुठे कुठे दडून असते ते सांगू लागलो. ते म्हणाले, “ते ठाऊक आहे मला. दुष्काळात बघितलंय. मुद्दाम कधी केलं नव्हतं एवढंच.”

१३ जानेवारी

पाणी उतरू लागले. घडात एखाददुसरा मणी जांभळा दिसतो. ताण सैल केला, मिनिटे ५५ वर नेली. शेजाऱ्यांच्या खाण्याच्या बागेशी तुलना करू नये हे समजते, तरी आमचा मणी पाहून गावातल्या दोघातिघांनी नानांना “औषध कमी पडलं का?” असे विचारले.

२५ फेब्रुवारी

तोडणी पहाटे चारला सुरू होऊन नऊपर्यंत आटोपली, कारण ऊन लागलेला माल कारखान्यात तापतो. ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, २३ च्या पुढे. मणी लहान, साल जाड. कारखान्याच्या माणसाने दोन मणी चावून बियांचा रंग पाहिला आणि मान डोलावली. वाईन कशी होईल हे मी लिहिणार नाही, तो माझा विषय नाही.

पाण्याच्या मीटरवरून एक गोष्ट मात्र लिहायला हवी. छाटणीपासून तोडणीपर्यंत जे पाणी वाचले त्याचा मोठा वाटा ताणाच्या पाच आठवड्यांचा नाही. तो सप्टेंबरमधील ॲसिड आणि फ्लशिंगचा आहे, कारण ती बचत रोजची होती. आमच्या सादरीकरणात संवेदकांचे आलेख आधी आहेत आणि कपांचे छायाचित्र सोळाव्या पानावर. तो क्रम बदलायचा आहे.

१२ एप्रिल

खरड छाटणी, म्हणजे नवी काडी वाढवण्यासाठीची उन्हाळी छाटणी, झाली. युरोपातील सिंचनाची पत्रके आमच्या कामाला जशीच्या तशी का येत नाहीत, हे आज बांधावर उभे राहिले की दिसते. तिकडे उन्हाळ्यात वेलीवर घड असतो आणि हिवाळ्यात ती झोपते. इथे वेलीला झोप नाही. घड हिवाळ्यात येतो आणि ऐन उन्हात, विहीर तळाला गेलेली असताना, पुढच्या वर्षीची काडी वाढवायची असते. काडीतील सूक्ष्म घडनिर्मितीही याच पाण्यावर ठरते.

शिवाय सहा महिने पाणी मोजून दिल्याने ओल्या पट्ट्याच्या कडेला क्षार साठले आहेत. मातीच्या नमुन्यात ते दिसले. पहिल्या पावसात ते खाली जातील, पण पाऊस लांबला तर एकदा भरपूर पाणी देऊन ते धुवावे लागतील, म्हणजे वाचवलेल्या पाण्यातले थोडे परत द्यावे लागेल.

नानांचे शेततळेही आहे, तीस बाय तीस मीटरचे. भांड्यात आज आठ मिलिमीटर उतरले. त्याला ०.७ ने गुणले तरी तळ्यातून दिवसाला सुमारे पाच हजार लिटर हवेत जातात. पाने नसलेल्या वेलीचा गुणांक ०.३० धरला तर एका एकराची रोजची गरज सहा हजार आठशे लिटरच्या आसपास येते. म्हणजे पाऊण एकराचे पाणी रोज आकाशात. तळ्यावर शेडनेट ताणायचा खर्च ताईंनी काढून ठेवला आहे. तो या वर्षीच्या अंदाजपत्रकात रेडिओच्या ओळीतून भागवावा असे मी पुण्याला कळवले.

उद्या फ्लशिंग आहे. सोळापैकी तीन कप फुटले आहेत, येताना आणायचे.